आधी नियम की आधी कान?

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. उल्हासनगरचे कॅम्प आणि कल्याण पूर्वेची वस्ती इथे एकमेकांना खेटून आहेत. इथल्या माणसाच्या तोंडात दिवसभरात मराठी, हिंदी आणि थोडी सिंधी सहज येऊन जाते. इंग्रजी मात्र अर्जात, मुलाखतीत आणि साहेबाच्या ईमेलमध्ये गाठते. असाच एक अर्ज या संवादाला निमित्त झाला. अर्ज शेजारच्या मुलीचा. मराठी शाळेतून शिकलेली, बी.कॉम. झालेली आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कचेरीत काम करणारी ही मुलगी. तिला नवी नोकरी हवी आहे. अर्ज तपासायला बसले दोघे. आत्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. भाचा रोज ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीच्या कॉल सेंटरला जाणारा. अर्ज पानभराचाच, पण वाद तासभर चालला.

भाचा: आत्या, मी वाचला अर्ज. सगळं कळतंय. कोण आहे, काय शिकली, काय हवंय, सगळं आलंय. पाठवून दे.

आत्या: कळतंय तुला, कारण तू विठ्ठलवाडीचा आहेस. पहिलंच वाक्य बघ. 'आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स.' यात दोन चुका आहेत.

भाचा: आमच्या ऑफिसात निम्मे लोक असंच बोलतात. कामं अडत नाहीत.

आत्या: बोलण्यातलं हवेत जातं, अर्ज फायलीत राहतो. आणि तिने हे का लिहिलं ते आधी बघ. मराठीत आपण काय म्हणतो? 'सोमवारपासून काम करतेय' आणि 'दोन वर्षांपासून काम करतेय'. दोन्हीकडे 'पासून'. इंग्रजीत सोमवार हा सुरुवातीचा बिंदू म्हणून तिथे 'सिन्स', आणि दोन वर्षं हा कालावधी म्हणून तिथे 'फॉर'. शिवाय मराठीत मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामाला चालू वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला तिथे 'हॅव बीन वर्किंग' लागतं. म्हणजे पोरीने बेफिकिरी केलेली नाही. तिने मराठीचा नियम अगदी चोख पाळलाय, फक्त इंग्रजी वाक्यात.

भाचा: बघ, तूच माझी बाजू घेतेस. तिला 'प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस' हे नाव शाळेत पाठ होतंच की. परीक्षेत रिकाम्या जागाही तिने भरल्या असतील. तरी अर्ज लिहिताना मराठीच वर आली. मग त्या नियमाचा उपयोग काय झाला? मी स्वतः दहावीला व्याकरणात पैकीच्या पैकी होतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी फोन वाजला आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. समोरची बाई पार्सलबद्दल विचारतेय आणि मी मनात 'डू' लावू की 'डज' लावू करतोय. मला इंग्रजी आली ती कानाने. महिनोन्‌महिने तेच बोलणं ऐकलं, तसंच बोलत गेलो.

आत्या: तुला आठ तास कानावर इंग्रजी पडायची सोय कंपनीने केली, वर पगार दिला. या मुलीच्या कानावर कोण इंग्रजी घालणार? लोकलमधली अनाउन्समेंट?

भाचा: त्या अनाउन्समेंटचंच घे. 'नेक्स्ट स्टेशन, विठ्ठलवाडी.' कुठाय तुझा 'द'? शाळेत असतीस तर रेल्वेचाही एक मार्क कापला असतास!

आत्या: कापला नसता. फलक, सूचना, वर्तमानपत्रांचे मथळे यांत आर्टिकल गाळायची रीत आहे. मथळ्यात तर कालची घटनाही वर्तमानकाळात लिहितात. पण मथळा वाचून कुणी मथळ्यासारखा अर्ज लिहायला लागलं तर पंचाईत. कान ऐकतो ते सगळंच उचलतो. कुठलं कुठे चालतं हे त्याला नियम सांगतो.

भाचा: बरं, नियमाची एवढी बाजू घेतेस तर तुझ्या लाडक्या 'अ' आणि 'ॲन'चंच बघ. एके काळी इंग्रजीत 'नेप्रन' असा शब्द होता. 'अ नेप्रन, अ नेप्रन' म्हणता म्हणता लोकांनी 'न' उचलून अलीकडे जोडला आणि झालं 'ॲन एप्रन'. एका जातीच्या सापाला म्हणतात तो 'ॲडर' शब्दही असाच 'नॅडर'पासून आला. म्हणजे सगळ्यांनी मिळून चूक केली की तिचा नियम होतो.

आत्या: सगळ्यांनी मिळून केली तर! आपल्या पोरीने एकटीने केली तर ती चूकच राहते. आणि तेही सगळ्यांना सारखं लागू नाही. घरात तीन पिढ्या इंग्रजी असलेल्याने व्याकरण मोडलं तर ती त्याची शैली ठरते. हिने मोडलं तर समोरचा मनात म्हणतो, 'मराठी मीडियम'. म्हणून मी नियमाला चिकटते. ज्याच्याकडे दुसरं काही नाही, त्याला निदान नियम तरी पुस्तकातून मिळतो.

भाचा: आत्या, हे मला पटतं. पण नियम म्हणून शाळेत जे मिळतं त्यात खरं किती आणि बनावट किती? 'टू' आणि क्रियापदाच्या मध्ये शब्द घालू नये, हे तूच शिकवलंस ना? लॅटिनमध्ये ते रूप एकाच शब्दाचं, म्हणून ते फोडता येत नाही. इंग्रजीत दोन शब्द आहेत, मध्ये शब्द घातला तर काय बिघडतं? तरी एकोणिसाव्या शतकात पंडितांनी त्यावर बोट ठेवलं आणि पोरांच्या वह्या लाल झाल्या. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हेही तसंच. 1672 मध्ये कवी ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणात ती खोड काढली आणि पुढे तिचा कायदा झाला. इंग्रज माणूस आजही खुशाल प्रिपोझिशनवर वाक्य संपवतो.

आत्या: हे दोन्ही नियम मी सोडून द्यायला तयार आहे. ते शिष्टाचाराचे आहेत, भाषेचे नाहीत. पण म्हणून 'ही डिड नॉट वेंट' चालेल असं म्हणू नकोस. ते कुठल्याच इंग्रजाच्या तोंडून यायचं नाही.

भाचा: ही चूक तर मी तीन वर्षं केली. अजून कळलं नाही की का व्हायची.

आत्या: कारण मराठीत आपण म्हणतो 'तो गेला नाही'. भूतकाळ 'गेला'मध्येच राहतो, नकाराला फक्त 'नाही' जोडायचं. तू तेच केलंस. 'वेंट' तसाच ठेवलास आणि नकार लावलास. इंग्रजीत नकार 'डिड'च्या आधाराने उभा राहतो आणि भूतकाळ त्या 'डिड'ने आधीच घेतलेला असतो. एका वाक्यात तो दोनदा घ्यायचा नाही, म्हणून पुढे साधं 'गो'. एवढं एक वाक्य तुला पाचवीत कुणी सांगितलं असतं तर तीन वर्षं वाचली असती.

भाचा: तुझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती. आता तर पहिलीपासून आहे.

आत्या: 2000 सालापासून. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला. तेव्हा वाद फार झाला, पण मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी लवकर ऐकायला मिळावी हा त्यातला हेतू तुझ्याच बाजूचा होता. आधी कान, मग नियम. मी त्याच्या विरोधात नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. पाचवीपर्यंत कानाने शिकवायचं म्हणून नियम सांगत नाहीत, आणि आठवीत अचानक सगळे काळ एका तक्त्यात मांडून मुलांच्या अंगावर टाकतात.

भाचा: तो तक्ता! बारा काळांचा. भिंतीवर लावायचो. आणि शेजारी अनियमित क्रियापदांची यादी. 'गो, वेंट, गॉन.' त्यात काही तर्क तरी आहे का?

आत्या: 'जाणे'चं भूतकाळी रूप काय?

भाचा: गेला.

आत्या: 'जाला' का नाही? 'करणे'चं 'केला', 'येणे'चं 'आला', 'होणे'चं 'झाला', 'मरणे'चं 'मेला', 'घेणे'चं 'घेतला'. तू ही यादी कधी भिंतीवर लावली होतीस?

भाचा: नाही. पण ती मला घरात कानाने आली. बघ, पुन्हा कान जिंकला.

आत्या: हो, इथे जिंकला. ही क्रियापदं रोज लागतात, म्हणूनच ती अनियमित राहिली. क्वचित लागणारी केव्हाच सरळ होऊन गेली. रोज लागणाऱ्या गोष्टी वापरूनच बसतात. यादी पाठ करून घेण्यापेक्षा गोष्टी वाचून घ्याव्यात, हे मी कबूल करते. पुढचं वाक्य वाच.

भाचा: 'आय हॅव पास्ड बी.कॉम. इन 2022.' हे तर मलाही बरोबर वाटतंय.

आत्या: कारण मराठीत 'मी 2022 साली पास झाले आहे' चालतं. इंग्रजीत ठरावीक गेलेली वेळ सांगितली की 'हॅव' गळतो. 'आय पास्ड बी.कॉम. इन 2022.' साल काढलंस तर 'हॅव पास्ड' ठेव. दोन्ही एकत्र नकोत.

भाचा: मान्य. पण आर्टिकलचं काय करशील? ते मला आजही जमत नाही. मराठीत नाही, हिंदीत नाही, सिंधीत नाही. रशियन, जपानी लोकांकडे नाही. संस्कृतने त्यावाचून सगळं वाङ्मय उभं केलं, लॅटिनने त्यावाचून साम्राज्य चालवलं. जी गोष्ट आपल्या डोक्यातच नाही, तिचा नियम पाठ करून काय होणार?

आत्या: डोक्यात नाही असं कोण म्हणालं? मला सांग, 'पाहुणे मुलगी बघायला आले' आणि 'पाहुणे मुलीला बघायला आले' यात फरक काय?

भाचा: पहिलं म्हणजे स्थळ बघायला आले, कांदेपोहे. दुसऱ्यात मुलगी आजारी असेल, किंवा बाळंतीण. म्हणजे ठरावीक मुलगी, आपल्याला माहीत असलेली.

आत्या: आणि 'दारात पाहुणा उभा आहे', 'पाहुणा दारात उभा आहे'?

भाचा: पहिल्यात कोणीतरी आलाय. दुसऱ्यात ज्याची वाट बघत होतो तो, किंवा ज्याच्याबद्दल बोललो तो.

आत्या: हाच 'अ' आणि 'द'मधला फरक! ऐकणाऱ्याला कोण ते माहीत आहे की नाही, एवढाच प्रश्न. मराठी तो प्रश्न 'ला' लावून सोडवते, शब्द पुढेमागे करून सोडवते, कधी 'एक' किंवा 'तो' घालून सोडवते. इंग्रजीने त्यासाठी नामाच्या अगोदर एक जागा ठरवून टाकली. भेद तुझ्याकडे जन्मापासून आहे, फक्त दाखवायची जागा बदलली. शाळेत हे न सांगता 'नद्यांना द लावा, तळ्यांना लावू नका' अशी यादी देतात, म्हणून मुलाला वाटतं की हे काही परकं, विनाकारण आलेलं लचांड आहे.

भाचा: हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण याद्या आहेतच ना? उल्हास नदीला 'द', उल्हासनगरला नाही. मलंगगडाला नाही, सह्याद्रीच्या रांगांना मात्र 'द'.

आत्या: आहेत, आणि तेवढ्या वाचनाने येतात. त्यासाठी कुणाला नापास करू नये. 'अ' आणि 'ॲन'चा नियम मात्र पाच मिनिटांत शिकवता येतो. तो अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. आपल्या विठ्ठलवाडी डेपोतून सुटते ती 'ॲन एसटी बस', कारण तोंडात पहिला आवाज 'ए'चा येतो. आणि उल्हासनगरच्या मालावर असतं 'अ यूएसए लेबल', कारण तिथे पहिला आवाज 'य'चा.

भाचा: यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! जुना विनोद आहे, पण नियम लक्षात राहील. तर मग हिचं 'आय ॲम अ ऑनेस्ट गर्ल' हे 'ॲन ऑनेस्ट' व्हायला हवं, कारण 'एच' ऐकूच येत नाही.

आत्या: बरोबर. पण ते वाक्यच काढून टाक. नोकरीच्या अर्जात आपण प्रामाणिक आहोत असं आपणच सांगत नाही.

भाचा: सिंध्यांवरून आठवलं. फाळणीनंतर ही माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडली, 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं. गजानन मार्केटमधला दुकानदार गिऱ्हाईक बघून मराठी, हिंदी, गुजराती बोलतो. कुठल्या भाषेचं व्याकरण त्याने वाचलंय? पोटासाठी भाषा शिकणाऱ्याला पुस्तक लागत नाही.

आत्या: दुकानात उभा राहून बोलायला नाही लागत. पण त्याच लोकांनी डोक्यावर धड छप्पर नव्हतं तेव्हापासून शाळा काढल्या, पुढे कॉलेजं काढली. त्यांना माहीत होतं की दुकान बोलीवर चालतं, दाखला लेखी लागतो. आणि तुला गंमत सांगते. तुझ्या आजोबांच्या कपाटात ते जाडजूड 'रेन अँड मार्टिन' होतं ना, त्यातला रेन 1903 मध्ये शिक्षणखात्यात आला तो कराचीच्या हायस्कूलचा हेडमास्तर म्हणून. त्याचं व्याकरण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

भाचा: आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याची धास्ती चालली.

आत्या: धास्ती एकाच बाजूची नव्हती. 1805 मध्ये विल्यम केरीने सेरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजांनी मराठी शिकावी म्हणून. त्यांची काय तारांबळ झाली असेल विचार कर. 'मी आंबा खाल्ला', पण 'मी पोळी खाल्ली'. खाणारा एकच, क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. आणि विशेषणं! चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल, चांगल्या मुलाला. वर 'सुंदर' मात्र जिथल्या तिथे, कशानेही बदलत नाही. त्या मानाने 'गुड' किती गरीब, सगळ्यांपुढे एकच रूप.

भाचा: मग विशेषणात आपली पोरं का चुकतात? हिने लिहिलंय 'मोर बेटर वर्क'.

आत्या: कारण मराठीत विशेषणाला तुलनेचं रूपच उरलेलं नाही. संस्कृतातले 'तर' आणि 'तम' आपण 'उच्चतर', 'प्रियतम' अशा मोजक्या शब्दांत ठेवले. एरवी 'तिच्यापेक्षा मोठी', 'सगळ्यांत मोठी'. 'मोठी' तशीच राहते, बाहेरून काहीतरी जोडावं लागतं. मग 'बेटर'मध्ये तुलना आधीच आहे हे मुलाला जाणवत नाही आणि तो सवयीने 'मोर' जोडतो. शेक्सपिअरच्या नाटकांतही अशी दुहेरी रूपं आहेत, पण तो बहाणा अर्जात चालायचा नाही.

भाचा: आणि शेवटचं? 'आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब.'

आत्या: यावर हसू नकोस. ज्याच्यामुळे रस वाटतो तो 'इंटरेस्टिंग', ज्याला वाटतो तो 'इंटरेस्टेड'. मराठीत आपण 'मला रस आहे' म्हणून मोकळे होतो, म्हणून ही जोडी आपल्याला नवी. पण इथे मात्र नियम सांगून भागत नाही. दहा वाक्यं तोंडाने म्हणवून घ्यायला हवीत. 'द फिल्म वॉज बोअरिंग, आय वॉज बोअर्ड.'

भाचा: म्हणजे शेवटी कानच!

आत्या: नियम कळल्यावर कान. कशाकडे लक्ष द्यायचं हे न कळता ऐकलं तर ऐकूनही सुटतं. 'इंटरेस्टिंग' आणि 'इंटरेस्टेड' तू शंभरदा ऐकले असशील. फरक कधी ऐकलास?

भाचा: ट्रेनरने दाखवला तेव्हा. पण आत्या, तुलाही एक मानावं लागेल. हिला उद्या मुलाखतीला बोलावलं आणि तिथे तिने 'मोर बेटर' म्हटलं, तर तिथल्या तिथे अडखळून दुरुस्त करत बसण्यापेक्षा वाक्य पुरं करावं. बोलताना थांबली तर नोकरी गेली.

आत्या: मानते. बोलताना चूक झाली तर पुढे जावं, लिहिताना झाली तर मागे यावं. मी वर्गात हे दोन्ही एकाच लाल पेनाने तपासत आले.

भाचा: मग मी तिची बोलण्याची तयारी करून घेतो, तू अर्ज बघ.

दोघांची तोंडं अशी एका दिशेला वळल्यावर तिसऱ्याने निवाडा द्यायचा तो एवढाच. इंग्रजीचे नियम सगळे एका तोलाचे नाहीत. 'डिड'नंतर मूळ रूप, 'सिन्स' आणि 'फॉर', साल आले की 'हॅव' नाही, 'मोर'नंतर 'बेटर' नाही, 'अ' आणि 'ॲन' उच्चाराप्रमाणे, एवढे मोजके नियम मराठी मुलाला नीट समजावून सांगितलेच पाहिजेत. ते सांगायला थोडाच वेळ लागतो आणि न सांगितल्याची किंमत मात्र त्याला पुढे बराच काळ मोजावी लागते. 'द' कुठे लागतो, कुठली क्रियापदे अनियमित, याच्या याद्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्या गोष्टी वाचनाने आणि ऐकण्याने अंगी लागतात. विशेषणांचा क्रम तर शिकवावाच लागत नाही. 'छोटी जुनी तपकिरी चामड्याची पिशवी' हा मराठी क्रम इंग्रजीतही जवळजवळ तसाच चालतो. आणि लॅटिनवरून बेतलेले शिष्टाचाराचे नियम शाळेने खुशाल विसरावेत.

दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्या हाताशी होती. ती मांडणी वापरून आपण आपली भाषा तपासायला शिकलो. आज उलट वाटेने जाण्याची गरज आहे. इंग्रजी शिकवताना मराठीचे व्याकरण हाताशी हवे. मराठी शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांना विनंती एवढीच: मुलाची चूक दिसली की लाल रेघ मारण्याआधी तेच वाक्य त्याला मराठीत म्हणायला लावा. बहुतेक वेळा चुकीचे कारण तिथेच सापडेल, आणि कारण सापडलेली चूक मूल सहसा पुन्हा करत नाही.